पहिल्या शरीरसौष्ठव स्पर्धेआधीचे पाच महिने

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर दिव्यांच्या झोतात उभा असलेला खेळाडू पाहून नवख्या मुलाची अशी समजूत होते की, हा माणूस या क्षणी आयुष्यातल्या सर्वाधिक ताकदीवर आहे. प्रत्यक्षात चार महिन्यांपूर्वी जे वजन तो सहज उचलत असे, ते त्या रात्री त्याला उचलत नाही. साधा जिना चढताना मांड्या भरून येतात, हातापायांची बोटे गार पडलेली असतात आणि कोणी दोन वाक्ये जास्त बोलले तरी तो वैतागतो. शरीर पीळदार दिसते ते चरबी गेल्यामुळे, आणि त्या चरबीची किंमत ताकद, झोप आणि मनःस्थिती यांतून चुकती करावी लागते. ही घसरण होणारच आहे हे आधी ठाऊक नसलेला खेळाडू मधल्याच एखाद्या आठवड्यात घाबरून नको ते करून बसतो, आणि पहिली तयारी बहुधा तिथेच फसते. किमान दोन-तीन वर्षे सलग व्यायाम केलेल्या आणि यंदा प्रथमच स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या खेळाडूंसाठी पुढचा क्रम लिहिला आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी पहिली: तपासणी आणि खरे गणित

आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, ईसीजी, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. आपण व्यायाम करतो, प्रथिने जास्त खातो आणि क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक भुकटी) घेत असल्यास तेही घेतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे. कारण मांसल शरीरात मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो आणि त्याचा अर्थ लावताना ही माहिती त्यांच्या उपयोगी पडते.

मग वजनाचे गणित मांडावे. समजा, खेळाडूचे वजन ७६ किलो आहे आणि त्यात १६ टक्के चरबी आहे. म्हणजे साधारण १२ किलो चरबी आणि ६४ किलो बाकीचे शरीर. मंचावर चरबी ५ टक्क्यांच्या आसपास आणायची आणि वाटेत एखादा किलो स्नायू जाईल असे गृहीत धरायचे, तर स्पर्धेच्या दिवशीचे वजन ६६ किलोच्या जवळ येते. गट साधारणपणे ५५, ६०, ६५, ७० असे पाच-पाच किलोंच्या टप्प्याने असतात. आपण ७५ किलोंच्या गटात उतरणार अशी स्वप्ने पाहणारा हा खेळाडू प्रत्यक्षात ७० किलोंच्या गटातही खालच्या बाजूला उभा राहील. कागदावर हा आकडा आला की भल्याभल्यांचे चेहरे पडलेले मी पाहिले आहेत, आणि १६ टक्क्यांऐवजी १२ टक्के धरून गणित पुन्हा मांडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळावा. आरसा आपल्याला नेहमीच दोन-चार टक्के सूट देत असतो.

याच गणितातून कालावधीही निघतो. स्नायू राखून चरबी घटवायची असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट धरावी. ७६ किलोंच्या माणसाला ती ३८० ते ७६० ग्रॅम पडते. दहा किलोंसाठी सरासरी अर्धा किलो धरली तर वीस आठवडे लागतात. ‘बारा आठवड्यांत तयारी’ ही आपल्याकडे फार ऐकू येणारी गोष्ट आधीच बारीक असलेल्या खेळाडूसाठी ठीक आहे, इतरांसाठी नाही. फेब्रुवारी-मार्चच्या स्पर्धेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरुवात करावी लागते. म्हणजे गणपतीचे मोदक बहुधा आहार सुरू होण्याआधीच खाऊन होतात, पण दिवाळीचा फराळ नेमका आहाराच्या मध्यात येतो. बेसनाच्या एका लाडवात दीडशे ते दोनशे कॅलरी असतात. तो खायचाच असेल तर त्या दिवशीच्या हिशेबात लिहून खावा, लपून खाऊ नये.

पहिल्या खेपेला थेट ‘महाराष्ट्र श्री’चे स्वप्न न पाहता ‘नवोदित मुंबई श्री’सारखी नवख्यांची किंवा आपल्या जिल्ह्यातली स्थानिक स्पर्धा निवडावी. मांड्या अजून भरलेल्या नसतील तर मेन्स फिजिक हा प्रकारही पाहावा. त्यात गुडघ्यापर्यंतची बोर्ड शॉर्ट घालतात आणि गट सहसा उंचीवरून ठरतात.

पायरी दुसरी: मोजमाप

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करावे आणि सात दिवसांची सरासरी काढावी. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. आदल्या रात्रीचे मीठ, भात किंवा अपुरी झोप यांनी तो किलोभर इकडेतिकडे होतो. आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत टेपने कंबर मोजावी आणि त्याच जागी, त्याच उजेडात समोरून, बाजूने व पाठीमागून छायाचित्रे काढावीत. व्यायामशाळांमधल्या चरबी मोजणाऱ्या यंत्रांचा आकडा शरीरातल्या पाण्यावर हलतो, म्हणून त्यावर निर्णय घेऊ नयेत.

पायरी तिसरी: आहार

७६ किलोंच्या, दिवसभर बैठे काम करून संध्याकाळी व्यायाम करणाऱ्या तरुणाचे वजन साधारण २५०० ते २६०० कॅलरींवर स्थिर राहते, असे धरून सुरुवात २००० कॅलरींनी करता येते. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅम प्रथिने ही मर्यादा क्रीडापोषणात स्वीकारली गेली आहे. आपल्या खेळाडूसाठी १६० ग्रॅम पुरेशी आहेत. त्यांच्या ६४० कॅलरी होतात. स्निग्ध पदार्थ ५० ग्रॅम ठेवले तर ४५० कॅलरी होतात, आणि उरलेल्या ९१० कॅलरींत सुमारे २२५ ग्रॅम कर्बोदके बसतात. सुरुवातीला हे काही फार कमी जेवण नाही.

सकाळी सहा अंड्यांचा पांढरा भाग, दोन पूर्ण अंडी आणि ५० ग्रॅम ओट्स घ्यावेत. दुपारी कच्चे मोजून १५० ग्रॅम चिकन, १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पालेभाजी आणि काकडी. व्यायामाआधी २०० ग्रॅम रताळे आणि नंतर एक माप व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची भुकटी). रात्री २०० ग्रॅम मासे, थोडा भात आणि साय काढलेल्या दुधाचे वाटीभर दही. यात १६० ग्रॅम प्रथिने भरतात. शाकाहारी खेळाडूला हा हिशेब जमवणे कठीण जाते, ते खाणे कमी पडते म्हणून नव्हे. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम प्रथिनांबरोबर २० ग्रॅमच्या वर स्निग्धांश येतो, आणि १०० ग्रॅम मूगडाळीत २४ ग्रॅम प्रथिनांबरोबर ६० ग्रॅम कर्बोदके येतात. म्हणून सोयाबीनच्या वड्या (१०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने), साय काढलेल्या दुधाचा चक्का आणि व्हे यांवर त्याला जास्त भिस्त ठेवावी लागते.

घरातला खरा शत्रू गोड पदार्थ नसतो, फोडणी असते. माझ्या पहिल्या तयारीत सहाव्या आठवड्यापासून काटा एकाच जागी अडकला. चिकन ग्रॅमवर मोजत होतो, भाकरीचे पीठ मोजत होतो, आणि तरीही वजन हलेना. शेवटी एका रविवारी ओट्यापाशी उभा राहून आईचा स्वयंपाक पाहिला. दुधीच्या भाजीसाठी तिने किटलीतून तेलाची धार धरली, मोहरी तडतडेपर्यंत आणखी थोडे सोडले आणि वरून मूठभर दाण्याचे कूट घातले. ‘अरे, एवढंसं तेल तर हवंच, नाहीतर घास घशाखाली उतरणार कसा?’ असे ती म्हणाली, आणि तिच्या बाजूने ते खरेच होते. पोहे खाण्याचा मोठा चमचा धरला तर तेवढ्या तेलात १२० कॅलरी असतात. दिवसभरात असे तीन चमचे पोटात गेले की रोज ५००-६०० कॅलरी कमी खाण्याच्या ठरवलेल्या तुटीतला अर्ध्याहून अधिक भाग तिथेच संपतो. दुसऱ्या दिवसापासून माझी भाजी वेगळ्या कढईत, मोजलेल्या एका छोट्या चमच्याच्या फोडणीत होऊ लागली. जेवण ज्यांच्या हातचे आहे त्यांना पहिल्याच दिवशी शेजारी बसवून हे सगळे समजावून सांगावे, हे मी आता प्रत्येक नवख्याला सांगतो.

सलग दोन आठवडे सरासरी वजन आणि कंबर दोन्ही जागची हलली नाहीत, तरच आहारात बदल करावा. एकतर १०० ते १५० कॅलरी कमी कराव्यात किंवा रोजचे चालणे वीस मिनिटांनी वाढवावे. दोन्ही एकदम करू नये, कारण पुढच्या अडथळ्याच्या वेळी हातात काही शिल्लक राहत नाही. कपात मुख्यतः कर्बोदकांतून करावी, प्रथिने तशीच ठेवावीत आणि स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद करू नयेत. शेवटच्या महिन्यात हा खेळाडू १६०० ते १७०० कॅलरींवर आलेला असतो. आठवड्यातून एक दिवस, शक्यतो पायांच्या व्यायामाच्या दिवशी, भात-रताळे वाढवून २२०० कॅलरींपर्यंत जाण्यास हरकत नाही. त्याने चरबी जळण्याचा वेग वाढत नाही, पण पुढचे दोन व्यायाम चांगले होतात आणि माणूस माणसात येतो.

पायरी चौथी: ताकद उतरते तेव्हा

पहिले सात-आठ आठवडे ताकद बहुधा टिकते. मग एका संध्याकाळी बेंच प्रेसला (बाकावर उताणे झोपून वजन वर ढकलण्याच्या व्यायामाला) नेहमीचा आठवा रेप, म्हणजे आठवी उचल, अर्ध्यावर थांबते. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: सुरुवातीला १०० किलोंचे आठ रेप, बाराव्या आठवड्यात तेवढ्याच वजनाचे सहा, सोळाव्यात चार, आणि अखेरच्या पंधरवड्यात ८५ किलोंचे सहा. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलणे, त्यामानाने उशिरा उतरली. त्याच वहीत पुलअप्सची संख्या मात्र नऊवरून चौदावर गेलेली आहे, कारण उचलायचे शरीरच दहा किलोंनी हलके झाले होते. तेव्हा ताकद ‘गेली’ असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. बाहेरचे वजन उचलण्याची कमी होते, स्वतःला उचलण्याची वाढू शकते.

याची कारणे समजली की भीती कमी होते. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, कर्बोदके घटल्यावर कमी पडते. दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठत असल्याने स्नायू आतून रिकामेही दिसू लागतात. खेळाडू यालाच ‘फ्लॅट पडणे’ म्हणतात. छाती-पाठीवरचा थर पातळ झाल्याने बेंचवर बारला खाली-वर जास्त अंतर कापावे लागते, आणि कालच्या व्यायामाची झीज आज भरून निघत नाही.

या टप्प्यावर होणारी सर्वांत महाग चूक म्हणजे ‘कट्स’ (स्नायूंमधल्या रेषा) काढण्यासाठी वजने हलकी करून वीस-वीस, तीस-तीस रेप मारणे. कट्स आहारातून निघतात. स्नायूला टिकून राहण्याचे कारण जड वजन देते, आणि ते कारण काढून घेतले तर कमी जेवणाऱ्या शरीराला स्नायू सांभाळण्याची गरज उरत नाही. म्हणून वजन शक्य तेवढे वरच ठेवावे आणि सेट (रेपच्या फेऱ्या) एक-तृतीयांशाने कमी करावेत. सहा ते दहा रेपचा पट्टा सोडू नये. शेवटच्या तीन आठवड्यांत जड बारबेल स्क्वॉट आणि डेडलिफ्ट यांच्या जागी लेग प्रेस आणि यंत्रावरचे रोइंग घ्यावे, कारण थकलेल्या कमरेला दुखापत व्हायला एक वाकडा रेप पुरतो. या दिवसांत कमाल वजनाची परीक्षा कधीही घेऊ नये. मित्र आग्रह करतात. त्यांना स्पर्धेनंतरची तारीख द्यावी.

पायरी पाचवी: आतले बदल ओळखणे

औषधे न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठवपटूची स्पर्धेपूर्वी सहा महिने आणि नंतर सहा महिने केलेली तपासणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ पर्यंत उतरले. टेस्टोस्टेरॉन दर मिलिलिटरमागे ९.२२ वरून २.२७ नॅनोग्रॅमवर आले, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्याही खाली गेले. टेस्टोस्टेरॉन स्पर्धेनंतर पूर्ववत झाले, पण ताकद सहा महिन्यांनंतरही पूर्णपणे परतली नव्हती. एकाच माणसाचे हे आकडे सर्वांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा हीच असते.

चरबी घटली की लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक घटते, आणि माणूस नकळत कमी हलू लागतो: बसतो तिथेच बसून राहतो, लिफ्टची वाट पाहतो. म्हणूनच तोच आहार चौदाव्या आठवड्यात काम देईनासा होतो. पावले मोजण्याचा उपयोग इथे होतो. थंडी वाजते, पहाटे तीनला जाग येते, आणि रात्री अंथरुणात पडल्यापडल्या पाककृतींचे व्हिडिओ पाहण्याचा छंद जडतो. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून झालेल्या प्रसिद्ध मिनेसोटा प्रयोगात त्यातले काहीजण पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले होते. तेव्हा यात आपले मन विशेष कमकुवत आहे असे समजू नये. घरच्यांना आणि कामावरच्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला मात्र आपली चिडचिड कशामुळे आहे ते सांगून ठेवावे. चक्कर येणे, छातीत धडधड होणे किंवा बेशुद्ध पडणे हे तयारीचा भाग नाहीत. तसे झाले तर आहार थांबवून डॉक्टर गाठावा. स्त्री खेळाडूंची मासिक पाळी या काळात अनियमित होते किंवा थांबते, आणि ‘कंडिशन छान आली’, म्हणजे चरबी छान उतरली, असे म्हणून पाठ थोपटणारे लोक भेटतात. पाळी थांबणे हे हाडांच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

नेमक्या याच हताश दिवसांत कोणीतरी ‘गोळी’ सुचवतो. चरबी घटवण्यासाठी क्लेनब्युटेरॉल, पाणी काढण्यासाठी डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारे औषध. दोन्ही उत्तेजकविरोधी यादीत बंदी असलेली आहेत. पण बंदीपेक्षा मोठे कारण असे की १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा अव्वल व्यावसायिक खेळाडू नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर काही तासांत दगावला, आणि आपल्या विलक्षण कमी चरबीसाठी जगभर ओळखला जाणारा ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर मार्च १९९६ मध्ये ३१ व्या वर्षी गेला. त्यांच्या दिमतीला जगातले उत्तम मार्गदर्शक होते. आपल्या व्यायामशाळेतल्या ‘गोळी’ देणाऱ्याकडे काय आहे, याचा विचार करावा.

पायरी सहावी: पोझिंग

आठ-दहा आठवडे आधीपासून रोज पंधरा मिनिटे सात अनिवार्य पोझेस कराव्यात: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि अ‍ॅब्डॉमिनल अँड थाय. प्रत्येक पोझ पायांपासून बांधायची असते. नवखा हात उचलतो आणि पोटऱ्या विसरतो. फ्रंट डबल बायसेप्समध्ये मांड्या आवळून तीस सेकंद थांबून पाहिले तर पंधराव्या सेकंदाला गुडघ्यावरचा स्नायू थरथरू लागतो, श्वास अडतो आणि चेहरा कोणीतरी चिमटा काढल्यासारखा होतो. परीक्षकांना दिसते ते हेच. महिनाभराने थरथर थांबते, मग आरशाकडे पाठ करून सराव करावा, कारण मंचावर आरसा नसतो.

पायरी सातवी: शेवटचा आठवडा आणि स्पर्धेचा दिवस

चरबी गेलेली नसेल तर या आठवड्यात काहीही करून ती जाणार नाही, आणि गेलेली असेल तर फार काही करण्याची गरज नाही. पाणी तोडण्याचा आणि मीठ बंद करण्याचा जुना रिवाज सोडून द्यावा. स्नायूचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. ते तोडले की कातडीखालचे तेवढे जाऊन स्नायूतले राहते, असे होत नाही. मार्चच्या उकाड्यात, उघड्या मैदानावर, तापलेल्या दिव्यांखाली तहानलेले शरीर उभे करणे जिवावर बेतू शकते. पायांचा शेवटचा व्यायाम पाच-सहा दिवस आधी करावा. शेवटचे दोन दिवस ओळखीच्या पदार्थांतूनच, म्हणजे भात आणि रताळे यांतून कर्बोदके वाढवावीत आणि पालेभाज्या थोड्या कमी कराव्यात. वजन गटाच्या हद्दीवर असेल तर वजन तपासणी झाल्यावरच हे सुरू करावे.

आदल्या रात्री अंगावरचे केस काढून झाल्यावर मंचावर कातडी गडद दिसावी म्हणून लावतात त्या रंगाचा पहिला हात लावावा आणि जुन्या चादरीवर झोपावे, कारण तो डाग निघत नाही. पिशवीत पोझिंग ट्रंकचे दोन जोड, ओळखपत्र, रंग, तेल, टॉवेल, व्यायामाचे रबर, पाणी, चिक्की, केळी आणि उकडलेले चिकन असावे. स्थानिक स्पर्धा संध्याकाळी सहाची सांगितली तरी सत्कार आणि भाषणे आटोपून आपला गट रात्री दहाला बोलावला जाऊ शकतो. तेव्हा खाणे दोन वेळांचे न्यावे आणि सगळी चिक्की सातलाच संपवू नये. पुकारा होण्याआधी वीस मिनिटे रबर ताणून खांदे, छाती आणि पाठ भरून, म्हणजे रक्ताने फुगवून घ्यावी. मांड्या भरवू नयेत. त्यांच्या रेषा पुसट होतात.

पायरी आठवी: स्पर्धेनंतर

त्या रात्री वडापाव, बिर्याणी, मिठाई जे हवे ते एकदा खावे. धोका दुसऱ्या दिवसापासून आहे. भूक शिगेला आणि शिस्त संपलेली, अशा अवस्थेत दोन आठवड्यांत सहा-सात किलो वाढून पावलांवर सूज आलेले खेळाडू दरवर्षी दिसतात. म्हणून स्पर्धेनंतरच्या चार आठवड्यांचा आहार स्पर्धेआधीच कागदावर लिहून ठेवावा. पहिल्याच आठवड्यात ३०० ते ४०० कॅलरी वाढवाव्यात, पुढे दर आठवड्याला १०० ते १५०, आणि दोन महिन्यांत चरबी १० ते १२ टक्क्यांपर्यंत परत येऊ द्यावी. ती यायलाच हवी, कारण झोप, भूक आणि संप्रेरके तिच्याबरोबरच ताळ्यावर येतात. बेंच प्रेस ७० टक्के वजनापासून पुन्हा सुरू करावी. तीन महिन्यांनी सुरुवातीच्याच रक्ततपासण्या पुन्हा कराव्यात, दोन्ही अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावेत आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज त्यानंतरच भरावा.